सहकारी तत्त्वावर कविता

मराठी माणसानं सहकारी तत्त्वावर काय काय म्हणून काढलं नाही? १९५०च्या सुमारास प्रवरेकाठी साखर कारखाना काढला. बँका काढल्या, पतपेढ्या काढल्या, दूध संघ काढले, गृहनिर्माण संस्था काढल्या आणि त्या संस्थांच्या वार्षिक सभांत एकमेकांची उणीदुणी काढली. एवढ्या काढाकाढीत सहकारी तत्त्वावर कविता काढायची मात्र राहून गेली. कविता हा आपल्याकडं खासगी क्षेत्रातला धंदा आहे. मालक एकटा, कामगार तोच आणि गिऱ्हाईकही बहुतेक वेळा तोच.

आमच्या भिलाईपासून तासाभरावर राजनांदगाव आहे. तिथल्या दिग्विजय महाविद्यालयात गजानन माधव मुक्तिबोध १९५८पासून शिकवत होते. घर मराठी, कविता हिंदी. त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध, तेही कवी, पण मराठीतले. एकाच घरात दोन कवी निपजले आणि त्यांनी भाषासुद्धा वाटून घेतल्या. इतकी स्वच्छ वाटणी तलाठ्याच्या दप्तरातही सापडायची नाही. १९४३ साली अज्ञेयांनी ‘तार सप्तक’ काढलं तेव्हा गजानन माधवांसकट सात कवी एका पुठ्ठ्यात आले, पण प्रत्येकाच्या कविता वेगळ्या आणि प्रत्येकाचं निवेदनही वेगळं. म्हणजे इमारत एक, सात बिऱ्हाडं, सात मीटर.

जपानी लोकांनी मात्र हा धंदा शतकानुशतकं भागीदारीत चालवला. त्या प्रकाराचं नाव रेंगा. पहिल्या माणसानं पाच-सात-पाच अक्षरांचं कडवं म्हणायचं, दुसऱ्यानं त्याला सात-सातचं कडवं जोडायचं, तिसऱ्यानं दुसऱ्याच्या कडव्याला पुन्हा पाच-सात-पाचचं जोडायचं आणि असंच पुढं जायचं. १४८८ साली सोगी, शोहाकू आणि सोचो या तिघांनी मिनासे इथं अशी शंभर कडवी रचली आणि ती जपानी कवितेतला मानदंड ठरली. तीन कवी, शंभर कडवी, आणि नंतर तिघंही एकमेकांशी बोलत होते. पुढं बाशोच्या काळात छत्तीस कडव्यांचा आटोपशीर प्रकार रूढ झाला.

हा छत्तीस आकडाच आमच्या भिलाईच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांना भावला. मंडळातल्या एक निवृत्त शिक्षिका, ज्यांना सगळी भिलाई नुसतं ‘बाई’ म्हणते, त्यांनी कोजागिरीला रेंगा करू या असं सुचवलं. तेव्हा अध्यक्ष आधी म्हणाले, “आपल्या गाण्याच्या भेंड्या काय वाईट आहेत?” पण छत्तीस ऐकल्यावर ते सावरून बसले. “छत्तीसगडात छत्तीस कडवी! छत्तीस गडांवरून पडलेलं नाव! ठराव मांडा.” देवनागरीत ३६ लिहिला की तीन आणि सहा एकमेकांकडं पाठ करून बसतात आणि आपल्याकडं छत्तीसचा आकडा कशाला म्हणतात, हे त्या वेळी कुणाच्या लक्षात आलं नाही. ते पुढं आपोआप आलं.

जपानचं आणि छत्तीसगडचं देणं-घेणं तसं जुनं आहे. साठच्या दशकापासून बस्तरमधल्या बैलाडिलाचं लोहखनिज विशाखापट्टणमच्या बंदरातून जपानला जात आलंय. इतकी वर्षं आपण त्यांना दगड पाठवले, आता त्यांच्याकडून कविता यायला हरकत नाही, असं खजिनदार म्हणाले. त्यात वाहतूकखर्च नाही, हा मुद्दा त्यांनी इतिवृत्तात नोंदवून घेतला. चिटणीस या नात्यानं तो नोंदवणारा मीच. रेंग्याच्या बैठकीत कडवी उतरवून घ्यायला आणि नियम मोडला की टोकायला एक लेखनिक असतो. ते पदही चिटणिसाच्याच गळ्यात पडलं.

नियम ऐकून बैठक गार पडली. पहिली अट अशी की प्रत्येक कडव्याचं नातं फक्त लगतच्या आधीच्या कडव्याशी. त्याच्याही आधीच्याकडं परत जायचं नाही. दुसऱ्या कडव्यात पाऊस आला, तर तिसऱ्यात छत्री चालेल, पण चौथ्यात त्या छत्रीवर पुन्हा पाऊस पाडता येणार नाही. छत्री घेऊन दुसरीकडं कुठंतरी निघून जायचं. आमच्या मंडळात विषय कुठलाही निघो, तिसऱ्या वाक्याला ईपीएस-९५च्या पेन्शनवर येण्याची पद्धत आहे. तिथं मागं वळायचं नाही म्हणजे फारच झालं. दुसरी अट त्याहून कठीण. सुरुवातीच्या सहा कडव्यांत देवधर्म, प्रेम, आजारपण, मृत्यू आणि विशेषनामं वर्ज्य. देव, आजारपण आणि कोण गेलं, हे वगळून मराठी मंडळाच्या बैठकीत बोलायचं काय? शेवटी विशेषनामांपुरता नियम शिथिल करावा, अशी उपसूचना आली. आजारपणाची उपसूचना एका मतानं पडली.

कविता डोळ्यांनी पाहिलेल्या निसर्गातून यायला हवी, म्हणून कोजागिरीच्या संध्याकाळी आधी मरोद्याच्या तलावाकडं पायी फेरी निघाली. प्रत्येकाच्या हातात एक कागद आणि पेन. परत आल्यावर मी कागद गोळा केले. अध्यक्षांच्या कागदावर ‘निसर्ग रम्य आहे’ एवढंच होतं, खाली सही आणि तारीख. पुण्याहून आलेले त्यांचे मेहुणे कवी आहेत. त्यांच्या कागदावर ‘एकटेपण’ हा शब्द होता आणि तो दोनदा खोडून पुन्हा लिहिलेला. रेल मिलमधून निवृत्त झालेल्या काकांनी क्षितिजावरच्या चिमण्या मोजून कुठल्या चिमणीचा धूर आज बंद आहे आणि त्यामागं कुणाचा हलगर्जीपणा असणार, हे लिहिलं होतं. रिसालीतल्या वहिनींच्या शेजारी एक छत्तीसगढी दीदी राहतात, त्याही हौसेनं आल्या होत्या. त्यांनी काहीच लिहिलं नव्हतं, पण विचारलं तर तोंडानं सांगत सुटल्या. बांधावरचा कास फुलून पांढरा झालाय, खालच्या वावरात धान पोटरीतून बाहेर आलंय, वरच्या वावराला अजून एक पाणी लागेल आणि पलीकडच्या बाभळीवर बगळ्यांनी वस्ती बदलली आहे. आम्ही सगळे एकाच रस्त्यानं चाललो होतो, यावर माझा विश्वास बसेना.

भिलाईचा निसर्ग तसा कवितेला अवघडच. १९५५ साली पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत रशियाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली आणि धानाच्या वावरांत सेक्टर उगवले. वसंत आला हे आम्हांला कोकिळेआधी कूलरमध्ये वाळा भरणाऱ्याकडून कळतं. जपान्यांकडं ऋतुसूचक शब्दांचे कोश असतात. बाईंनी आमचाही कोश करायला घेतला होता. उन्हाळ्याला नवतपा आणि बोरे बासी, पावसाळ्याला हरेली, पुसाच्या पुनवेला छेरछेरा, १७ सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा, इथपर्यंत सगळं सुरळीत चाललं. मग काकांनी ‘बोनस’ हा शब्द शरद ऋतूत घालायचा आग्रह धरला. बाई म्हणाल्या, हा निसर्गातला शब्द नाही. काका म्हणाले, “दरवर्षी दसऱ्याच्या तोंडावर येते, कधी जास्त येते, कधी दगा देते. पावसाहून काय वेगळं आहे जी?” शब्द घेतला.

वहिनींच्या गच्चीवर दूध आटत होतं. रिवाजाप्रमाणं पहिलं कडवं पाहुण्याचं आणि दुसरं यजमानाचं. पाहुणे म्हणजे अर्थातच पुण्याचे मेहुणे. त्यांनी डोळे मिटले, चष्मा काढला, पुन्हा घातला आणि म्हणाले:

कोजागिरीला
चिमण्यांच्या वरती
दूध सांडलं

खरं सांगायचं तर चांगलं होतं. अक्षरं चोख, ऋतू आला, चंद्र न म्हणता चंद्र आला, भिलाईसुद्धा आली. सगळ्यांनी वाहवा केली. मेहुण्यांनी ती स्वीकारली आणि वहीकडं हात केला. त्यांच्या मते कार्यक्रम संपला होता. एवढ्यात दूध ढवळता ढवळता वहिनी म्हणाल्या:

गाळणी कुठं गेली
पाहुणे आले दारी

गच्ची हसली, पाहुणे हसले नाहीत. “माझी कविता पूर्ण आहे,” ते म्हणाले, “तिला गाळणी लावायची गरज नाही.” बाईंनी समजावलं की यजमानाचं कडवं असंच हवं, पाहुण्याचं स्वागत करणारं आणि त्याच ऋतूतलं. त्यांचं समाधान होईना. तेव्हा बाईंनी बाशोची गोष्ट काढली. १६८९ साली बाशो उत्तर जपानात पायी हिंडत होता. ओइशिदा गावात मोगामी नदीकाठी त्याच्यासाठी अशीच बैठक भरली. पाहुणा म्हणून त्यानं पहिल्या कडव्यात नदीला शीतल म्हटलं. पुढं त्याच नदीतून नावेनं जायची पाळी आली, तेव्हा पावसाळी पाण्याचा जोर कळला आणि प्रवासवर्णनात त्यानं शीतल काढून वेगवान घातलं. यजमानाच्या ओसरीवर नदी गार, पुस्तकात गरागरा. “बाशो आपला शब्द बदलतो,” बाई म्हणाल्या, “तुम्ही गाळणीसुद्धा चालवून घेत नाही?” मेहुणे म्हणाले, “बाशोनं स्वतः बदलला. वहिनींनी नाही.”

इथं सगळी गोम आहे. जोडकवितेत अवघड काय, तर आपलं कडवं दुसऱ्याच्या हवाली करून गप्प बसणं. पहिलं कडवं सगळ्यांना हवं असतं, कारण ते उद्घाटन. तेविसावं कडवं कुणाला हवंय? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मासाओका शिकीनं सुरुवातीचं कडवं मोकळं केलं, त्याला हायकू म्हटलं आणि उरलेल्या जोडकामाला साहित्य मानायचंच नाकारलं. हा गृहस्थ आपल्याकडं जन्मायचा चुकून तिकडं जन्मला. हायकू शिरीष पै यांनी सत्तरच्या दशकात मराठीत आणला आणि तो भराभर रुजला. तीन ओळी, एकट्यानं लिहायच्या, एकट्यानं दिवाळी अंकाला पाठवायच्या. रेंगा मात्र जपानहून येता येता विशाखापट्टणमच्या बंदरातच अडकला.

वहिनींना हे का जमलं, याचं उत्तर त्यांच्या आजीच्या जात्यात आहे. जात्यावर दोघी बसायच्या, एकीनं ओवी टाकायची, दुसरीनं उचलायची. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी खेड्यापाड्यांत फिरून अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. तेवढ्या ओव्यांत कुणी ‘माझी कविता पूर्ण आहे’ म्हणून खुंटा सोडल्याचं ऐकिवात नाही. पीठ व्हायचं असतं, पूर्ण कुठली होतेय?

तिसऱ्या कडव्यानं दूध, चंद्र, गच्ची सगळं सोडून लांब जायचं असतं. काकांना दारातले पाहुणे धरून पुढं जायचं होतं. त्यांनी बोटांवर अक्षरं मोजली:

दुर्ग स्टेशन
गाडी येणार म्हणे
येणार म्हणे

ज्या माणसानं हयातभर रेल्वेला रूळ पुरवले, त्याच्या वाट्याची गाडी कायम लेट. टाळ्या पडल्या. आता पाळी अध्यक्षांची. अध्यक्षांनी ‘दुर्ग’ एवढंच ऐकलं होतं. ते उभे राहिले, छाती भरून घेतली आणि:

रायगडी तोफांचे
आवाज दुमदुमे

मेहुण्यांनी कपाळाला हात लावला. बाई मात्र चमकल्या. त्या म्हणाल्या, हे तर अस्सल रेंग्याचं कडवं झालं. आधीच्या कडव्यातलं स्टेशन धरलं आणि त्याचा किल्ला करून टाकला, पाहुण्यांशी आणि दुधाशी काडीचा संबंध ठेवला नाही. जुन्या उस्तादांनी याला पैकीच्या पैकी गुण दिले असते. अध्यक्षांना आपण काय केलं ते कळलं नाही, पण दाद कळली. ते नम्रपणे म्हणाले, “आमचं आपलं सुचतं.” हा आनंद पाचव्या कडव्यापर्यंत टिकला. ते वहिनींच्या आठवीतल्या मुलानं केलं:

धडाम झालं
शेजाऱ्यांचं कुत्रं ते
खाटेच्या खाली

“रायगडाच्या तोफेला कुत्रं?” अध्यक्षांचा आवाज चढला. इतिहासाचा अवमान झाला, कडवं मागं घ्या, नाही तर आमचं मागं घेतो, इथपर्यंत मजल गेली. पोरगं म्हणालं, “काका, तोफ तुमची, कुत्रं माझं.” कायद्यानं त्याचंच बरोबर होतं. तोफ उडाली की ती ऐकणाऱ्याची झाली. अध्यक्षांना दुधाचा पहिला पेला देऊन शांत करण्यात आलं.

इतक्यात आतापर्यंत नुसत्या ऐकत बसलेल्या दीदींनी सहावं कडवं टाकलंसुद्धा:

झन डर्रा रे बेटा
आ, बासी खा के जाबे

घाबरू नको बाळा, ये, बासी खाऊन जा. खाटेखालचं कुत्रं हलकेच लेकरू झालं आणि त्याला रात्रभर पाण्यात भिजलेला भात मिळाला. दीदींना शिकवायची गरजच नव्हती. त्यांच्याकडं वावरात काम करता करता दादरिया होतो, एकीकडून दोन ओळींचा सवाल, दुसरीकडून जवाब. पंडवानीतही कथा सांगणाऱ्यासमोर हुंकार देणारा, मधेच प्रश्न टाकणारा रागी बसलेला असतो. जवळच्या गनियारीच्या तीजनबाईंनी ती जगभर नेली.

पण मेहुण्यांनी हरकत घेतली की भाषा बदलली. यावर बाईंनी कवी ऑक्टाव्हियो पाझला साक्षीला बोलावलं. १९६८पर्यंत ते दिल्लीत मेक्सिकोचे राजदूत होते. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या एका हॉटेलच्या तळघरात स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन आणि इंग्रजी अशा चार भाषांतले चार कवी, त्यांतले एक पाझ, बसले आणि चौघांनी मिळून एक रेंगा केला. “चार भाषा? एवढ्या तर आमच्या सेक्टरच्या नळावर होत्या,” काका म्हणाले. हरकत फेटाळली.

सातव्यापासून गाडी रुळावर आली आणि तिला ओढत होते ते काका, त्यांच्यासोबत कोक ओव्हन आणि ब्लास्ट फर्नेसमधून निवृत्त झालेले दोघं. कवितेशी या तिघांचा उभ्या जन्मात संबंध नव्हता, पण शिफ्टशी होता. भट्टी कुणासाठी विझत नाही. आठ तास झाले की अर्धं राहिलेलं काम लॉगबुकात लिहायचं, पुढच्याला चार्ज द्यायचा आणि घरी जाऊन झोपायचं. तो आपल्या कामाचं काय करील, याचा घोर करत बसलं तर झोप यायची नाही आणि दुसऱ्या दिवशी नाइट असते. हे तिघं कडवं टाकायचे, ‘घे बे’ म्हणून पुढच्याकडं बघायचे आणि भेळेत चमचा घालायचे. आपल्या कडव्याचं पुढं काय झालं, हे त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही. मेहुणे मात्र प्रत्येक फेरीत माझ्या खांद्यावरून वहीत डोकावून आपलं पहिलं कडवं जागेवर आहे ना, याची खात्री करून घेत होते.

वेग वाढला तसा काकांना हुरूप आला. बाईंनी सांगितलं की ओसाकाच्या सुमियोशी देवळात इहारा साइकाकू नावाच्या माणसानं १६८४ साली एका दिवस-रात्रीत एकट्यानं तेवीस हजार पाचशे कडवी म्हटली. लेखनिकांना उतरवता येईनात, नुसत्या खुणा करून आकडा ठेवला. काकांनी मनातल्या मनात भागाकार केला. “चार सेकंदाला एकाहून जास्त. रेटेड कपॅसिटी किती होती पण? आणि क्वालिटी कोणी पाहिली? माल रिजेक्ट किती गेला?” साइकाकूच्या नशिबानं त्या काळी इन्स्पेक्शन नव्हतं.

साडेअकराच्या सुमारास डासांनी अविश्वासाचा ठराव आणला. छत्तीस होणं शक्य नव्हतं. अठरा कडव्यांचाही अर्धा रेंगा असतो, असं बाईंनी सांगितल्यावर सगळ्यांना हायसं वाटलं. सतराव्या कडव्यात फूल आणायचं असतं. ते दीदींनी मोहाचं आणलं आणि गच्चीभर वास सुटल्यासारखं झालं. मग नावांचा प्रश्न निघाला. मंडळाच्या अंकात रेंगा छापायचा तर खाली नावं कुठल्या क्रमानं घालायची? अध्यक्ष म्हणाले, पदानं. मेहुणे म्हणाले, साहित्यिक योगदानानं. कुणीतरी निवृत्तीच्या वेळच्या ग्रेडनं लावा म्हणालं, तर ई-फाइव्ह आणि ई-सिक्समध्ये जुनं प्रमोशनचं भांडण वर आलं. नावं नकोतच, ओवीला कुठं असतात, असं वहिनींनी सुचवलं. त्यावर पूर्ण गच्चीचं प्रथमच एकमत झालं, की असं चालणार नाही.

राहिलं अठरावं, शेवटचं कडवं. ते हलकं असावं, प्रसन्न असावं, आणि शेवटी खोळंबा नको म्हणून काही जण ते आधीच तयार ठेवत, अशी जपानी वहिवाट आहे. आपल्याकडचं आभारप्रदर्शनही घरूनच लिहून आणलेलं असतं. खजिनदार उठले. सबंध संध्याकाळ ते एक अक्षर बोलले नव्हते. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि खणखणीत आवाजात वाचलं:

पळस फुले तरी
वर्गणी राहिलेली

वसंत आला होता, मोहाला पळस लागून होता, अक्षरं सात अधिक सात भरत होती. बाईंनी नियमावली दोनदा चाळली, त्यांना चूक सापडली नाही. शेवटचं कडवं असलं तरी हवं तर पुढं वाढवू या का, असं त्यांनी मोठ्या मनानं विचारलं. सबंध रात्रीत हेच एक कडवं असं निघालं की त्याला काही जोडायला कुणीही पुढं आलं नाही.